आवड, अनुमान आणि पैज : गोल्फच्या प्रमुख स्पर्धांतील ‘फेवरिट’चा इतिहास

१

कोणत्याही स्पर्धेचा वृत्तान्त बहुधा शेवटाकडून लिहिला जातो. विजेता कोण हे एकदा ठरले, की आधीच्या साऱ्या घटना त्या विजयाच्याच दिशेने वाहत होत्या असे भासू लागते. हरलेल्यांविषयी लोकांनी कोणती अपेक्षा बाळगली होती, कोणत्या आधारावर बाळगली होती आणि तिच्यापायी काय पणास लावले होते, हे मात्र वृत्तान्तातून गळून पडते. इतिहासाच्या अभ्यासकाला ही हानी लहान वाटू नये. भूतकाळातील माणसांपुढे त्यांचा भविष्यकाळ उघडा होता. तो त्यांना कसा दिसत होता हे समजल्यावाचून त्यांच्या कृतींचा अर्थ लागत नाही.

राजकीय इतिहासात या प्रकारचा पुरावा क्वचितच हाती येतो. लढाईच्या आदल्या रात्री जाणत्या माणसांना जयाची आशा किती होती, हे सांगणारे कागद थोडे असतात, आणि जे असतात त्यांतील बरेचसे लढाईनंतर लिहिलेले असतात. खेळांच्या इतिहासाची स्थिती निराळी आहे. तेथे अपेक्षा निकालापूर्वीच उच्चारली जाते, छापली जाते, आणि पुष्कळदा तिच्यावर पैसेही लावले जातात. अशा उच्चारित अपेक्षेचे नाव म्हणजे ‘फेवरिट’. गोल्फ या खेळाच्या प्रमुख स्पर्धांत प्रेक्षकांनी व पैज लावणाऱ्यांनी विजेत्याची पूर्वनिवड कशी केली, याचा येथे विचार करावयाचा आहे. ही निवड एकजिनसी नसून तिच्यात आवड, अनुमान आणि पैज अशा तीन भिन्न क्रिया एकवटलेल्या असतात. त्या वेगळ्या करून पाहिल्या तरच ‘फेवरिट’ची नोंद ऐतिहासिक पुरावा म्हणून वापरता येते, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपाद्य आहे.

२

प्रथम शब्दाचा विचार करणे इष्ट होईल. इंग्रजीतील ‘फेवरिट’ हा शब्द लॅटिन ‘फावोर’, म्हणजे कृपा किंवा अनुग्रह, या शब्दाच्या कुळातला असून इटालियन व फ्रेंच भाषांच्या वाटेने सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आला. त्याचा आरंभीचा संदर्भ दरबारी होता. राजाच्या मर्जीतला माणूस तो फेवरिट. घोड्यांच्या शर्यतींत जिंकण्याचा सर्वाधिक संभव असलेला घोडा, हा अर्थ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाला. अर्थाचे हे संक्रमण बारकाईने पाहण्याजोगे आहे. दरबारी अर्थात निवडणारा राजा आहे व निवडीचे कारण त्याची मर्जी आहे. शर्यतीच्या अर्थात निवडणारा जनसमूह आहे आणि निवडीचे कारण घोड्याचे बळ आहे, निदान तसे मानले जाते. कारण बदलले, परंतु शब्द तोच राहिला. त्यामुळे ‘मला प्रिय असलेला’ आणि ‘जिंकेल असे मला वाटते तो’ या दोन अर्थांची सरमिसळ त्या शब्दाच्या पोटातच राहून गेली.

मराठीची व्यवस्था वेगळी आहे. मराठी वृत्तपत्रे आज अशा खेळाडूस ‘प्रबळ दावेदार’ किंवा ‘संभाव्य विजेता’ म्हणतात. ‘दावेदार’ हा शब्द न्यायालयीन व्यवहारातून आलेला आहे, आणि त्यात हक्क सांगणारा स्वतः खेळाडू असतो. प्रेक्षकाच्या मनोवृत्तीचा त्यात उल्लेखही नाही. ‘फेवरिट’ म्हणताना निवडणाऱ्याकडे बोट जाते आणि ‘दावेदार’ म्हणताना निवडलेल्याकडे. महालक्ष्मी व पुणे येथील घोड्यांच्या शर्यतींमुळे ‘फेवरिट’ हा शब्दही मराठी बोलण्यात रुळला. परंतु तो प्रायः शर्यतीच्या अर्थानेच रुळला. प्रेमाच्या अर्थासाठी ‘आवडता’ व ‘लाडका’ हे शब्द घरचेच होते.

पैजेच्या शब्दांचा इतिहास याहूनही बोधक आहे. ‘पैज’ हा शब्द संस्कृत ‘प्रतिज्ञा’ या शब्दापासून प्राकृताच्या द्वारे मराठीत आला. ‘शर्यत’ हा शब्द अरबी ‘शर्त’ म्हणजे अट, करार, या शब्दाशी संबद्ध आहे. इंग्रजी ‘वेजर’ या शब्दाचाही मूळ अर्थ तारण किंवा प्रतिज्ञा असाच होता. परस्परांशी संबंध नसलेल्या वाटांनी या भाषा एकाच ठिकाणी पोहोचल्या याचे कारण उघड आहे. पैज म्हणजे नुसते भाकीत नव्हे. आपल्या बोलण्यामागे काही गहाण ठेवून केलेले ते विधान होय. भाकीत खोटे ठरले तर बोलणाऱ्याचे फारसे काही जात नाही. पैज हरली तर जाते. म्हणून पुरावा या नात्याने भाकिताचे व पैजेचे वजन सारखे मानता येत नाही.

३

गोल्फमध्ये पैज ही स्पर्धेहून जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्कॉटलंडमध्ये व्यावसायिक गोल्फपटू एकमेकांशी समोरासमोर सामने खेळत. सामन्याची रक्कम बहुधा धनिक आश्रयदाते उभी करीत आणि प्रेक्षक आपापसांत पैजा मारीत. १८४९ साली सेंट अँड्र्यूजचे ॲलन रॉबर्टसन व टॉम मॉरिस आणि मसेलबरोचे डन बंधू यांच्यात ४०० पौंडांचा सामना झाला. तो मसेलबरो, सेंट अँड्र्यूज व नॉर्थ बेरिक अशा तीन मैदानांवर खेळला गेला. शेवटच्या मैदानावर आठ होल उरलेले असताना डन बंधू चार होलांनी पुढे होते, आणि त्यांच्या बाजूने वीसास एक असा भाव लागल्याचे वृत्तान्तात नमूद आहे. रॉबर्टसन व मॉरिस यांनी ही पिछाडी भरून काढली. अखेरच्या टप्प्यात डन बंधूंचा चेंडू एका दगडाशी अडकला, तो काढताना त्यांचा धीर सुटला आणि सामना त्यांच्या हातून गेला.

अशा सामन्यांत ‘फेवरिट’ निवडणे म्हणजे खरोखर पक्ष घेणे होते. प्रतिस्पर्धी दोनच असत. प्रत्येकाच्या मागे त्याचे गाव असे. मसेलबरोच्या माणसाने मसेलबरोच्या खेळाडूवर पैसे लावणे हे अनुमान जितके होते तितकेच ते ग्रामाभिमानाचे प्रदर्शनही होते. ही वृत्ती कोठवर जाई याचे उदाहरण १८७० साली मसेलबरो येथेच दिसले. विली पार्क व टॉम मॉरिस यांच्या सामन्यात स्थानिक जमावाने इतका व्यत्यय आणला, की मॉरिसने पुढे खेळण्याचे नाकारले आणि पंचाने खेळ थांबविला. पार्कने मात्र उरलेले होल एकट्याने खेळून विजयाचा दावा केला. येथे आवड व पैज या एकरूप झालेल्या आहेत, आणि अनुमानाला दोहोंच्या मध्ये जागाच उरलेली नाही. ज्याच्यावर पैसे लावले तो हरताना पाहण्यापेक्षा जमाव निकालच बदलू पाहतो.

या व्यवस्थेत मूलगामी बदल झाला तो १७ ऑक्टोबर १८६० रोजी, म्हणजे वरील दंग्याच्या दहा वर्षे आधीच. त्याचा अर्थ मात्र कळावयास काळ जावा लागला. त्या दिवशी प्रेस्टविक येथे आठ व्यावसायिक खेळाडू बारा होलांच्या मैदानाच्या तीन फेऱ्या खेळले आणि ‘ओपन चॅम्पियनशिप’चा आरंभ झाला. ॲलन रॉबर्टसन १८५९ साली निवर्तला होता व त्याचा वारस कोण हा प्रश्न खुला होता. प्रेस्टविकचे मैदान टॉम मॉरिसनेच आखलेले व राखलेले असल्यामुळे त्याचे नाव अग्रभागी असणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात विली पार्क १७४ फटक्यांत जिंकला आणि मॉरिस दोन फटक्यांनी मागे राहिला. पहिल्याच स्पर्धेत अपेक्षा चुकली, हा योगायोग म्हणून सोडून देता येईल. परंतु खेळाची रचनाच बदलली होती, ती गोष्ट सोडून देता येत नाही. समोरासमोरच्या सामन्यात एकाचा विजय म्हणजे दुसऱ्याचा पराभव असतो. फटक्यांच्या मोजणीवर चालणाऱ्या स्पर्धेत एकाला उरलेल्या सर्वांशी एकाच वेळी झुंजावे लागते, आणि त्यांतील बहुतेकांशी त्याची गाठही पडत नाही. पक्ष घेणे जाऊन नाव निवडणे आले. आठांतून एक निवडावयाचा होता तो पुढे दीडशेंतून निवडावयाचा झाला. ‘फेवरिट’ या शब्दाला गोल्फमध्ये खरा अर्थ प्राप्त झाला तो येथून.

४

अनुमानाला किंमत लावण्याची एक पद्धत हिंदुस्थानातून गेली, हे पुष्कळांस ठाऊक नसते. अमेरिकेतील गोल्फ क्लबांत स्पर्धेच्या आदल्या रात्री एक लिलाव होई. प्रत्येक खेळाडूचे किंवा जोडीचे नाव पुकारले जाई, सर्वांत मोठी बोली करणारा त्या नावाचा ‘मालक’ होई, सारी रक्कम एकत्र जमा होई आणि विजेत्यांच्या मालकांत ठरलेल्या प्रमाणात वाटली जाई. या लिलावाचे नाव ‘कॅलकटा’. कलकत्त्याच्या टर्फ क्लबने इंग्लंडातील डर्बी शर्यतीवर चालविलेल्या सोडतीवरून हे नाव आले. एका शहराचे विशेषनाम दुसऱ्या खंडात जाऊन सामान्यनाम बनले, आणि ते वापरणाऱ्यास हुगळीकाठच्या त्या शहराची आठवण होण्याचे कारणही उरले नाही.

कॅलकटाचे वैशिष्ट्य असे, की तिच्यात भाव ठरविणारा बुकी नसे. उपस्थितांच्या चढाओढीतून प्रत्येक नावाची किंमत ठरे आणि ज्याला सर्वांत मोठी बोली तो फेवरिट. म्हणजे समूहाचे मत थेट रकमेत व्यक्त होई. अभ्यासकाच्या दृष्टीने हा पुरावा आदर्श वाटावा असा आहे. परंतु त्यात एक दोष दडलेला होता. नावाचा मालक झालेल्या माणसाचा हितसंबंध खेळाडूच्या कामगिरीत गुंते, आणि जेथे हँडिकॅपच्या आधारे खेळ होई तेथे आपले कौशल्य लपविणाऱ्यास मोठा लाभ होई. १९५५ साली न्यूयॉर्कजवळच्या डीपडेल क्लबात दोन खेळाडूंनी खोट्या हँडिकॅपवर खेळून अशा लिलावातील मोठी रक्कम जिंकून दिल्याचे उघडकीस आले. त्यानंतर अमेरिकन गोल्फ संघटनेने या लिलावांविरुद्ध कठोर भूमिका घेतली व त्यांचा सुळसुळाट ओसरला. अनुमानावर लावलेला पैसा फार वाढला, की तो ज्या वस्तुस्थितीचे अनुमान करावयाचे तिलाच वाकवू लागतो, हा या प्रकरणाचा निष्कर्ष होय. मसेलबरोचा जमाव जे आरडाओरड्याने करू पाहत होता तेच येथे कागदावरील आकड्याने साधले गेले.

५

निकालानंतर अपेक्षेचे रूप कसे पालटते याचे उत्तम उदाहरण १९१३ सालची अमेरिकन ओपन होय. बोस्टनजवळ ब्रुकलाइन येथील मैदानावर ती झाली. हॅरी व्हार्डन हा तोवर पाच वेळा ब्रिटिश ओपन जिंकलेला खेळाडू, आणि टेड रे हा १९१२ चा ब्रिटिश विजेता. या दोघांच्या दौऱ्याची सोय व्हावी म्हणून स्पर्धेची तारीखही पुढे ढकलण्यात आली होती. विजेता या दोघांपैकीच एक असेल, हे त्या काळच्या जाणकारांचे अनुमान होते. चार फेऱ्यांनंतर फ्रान्सिस विमेट या वीस वर्षांच्या हौशी खेळाडूने ३०४ फटक्यांवर त्यांची बरोबरी साधली. निर्णायक जादा फेरीत विमेटने ७२, व्हार्डनने ७७ व रेने ७८ फटके घेतले. विमेटच्या चेंडूदांड्यांची पिशवी वाहणारा एडी लोवरी दहा वर्षांचा होता.

या विजयाची कथा पुढे एखाद्या चमत्काराप्रमाणे सांगितली जाऊ लागली. रस्त्यापलीकडे राहणारा गरीब मुलगा, त्याचा चिमुकला सोबती आणि दोन बलाढ्य इंग्रज, ही तिची पात्रयोजना. तीत असत्य काही नाही. परंतु विमेट त्या वर्षी मॅसॅच्युसेट्स राज्याचा हौशी विजेता होता, आणि ब्रुकलाइनच्या मैदानावर लहानपणापासून कॅडीचे काम केल्यामुळे त्याची जमीन त्याला पायाखालची होती, या गोष्टी कथेत मागे पडतात. चमत्कार ठरविण्यासाठी आधीचे अनुमान अटळ असल्यासारखे दाखवावे लागते, आणि त्यासाठी त्या अनुमानाच्या विरुद्ध जाणारा उपलब्ध पुरावा दृष्टीआड करावा लागतो. समकालीनांनी विमेटला वगळले ते अज्ञानामुळे, की माहीत असलेल्या गोष्टींस कमी वजन दिल्यामुळे, हा खरा ऐतिहासिक प्रश्न आहे. चमत्कारकथा तो प्रश्न उपस्थितच होऊ देत नाही.

१९५५ सालच्या अमेरिकन ओपनमध्ये हेच अधिक नाट्यमय रीतीने घडले. सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑलिंपिक क्लबात बेन होगन २८७ फटक्यांवर खेळ संपवून परतला. १९४९ सालच्या भीषण मोटार अपघातातून उठून पुन्हा अजिंक्यपदे मिळविलेला हा खेळाडू पाचव्यांदा ही स्पर्धा जिंकणार हे सर्वांनी गृहीत धरले. दूरचित्रवाणीवर समालोचन करणाऱ्या जीन सॅराझनने त्याचे अभिनंदनही केले, आणि प्रक्षेपण संपले. मैदानावर मात्र जॅक फ्लेक अजून खेळत होता. आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट येथे सार्वजनिक मैदानावर नोकरी करणारा हा खेळाडू फारसा कोणास माहीत नव्हता. त्याने शेवटच्या चारांपैकी दोन होलांवर एकेक फटका वाचवून बरोबरी केली आणि दुसऱ्या दिवशी ६९ विरुद्ध ७२ फटक्यांनी होगनला हरविले. ज्या प्रेक्षकांनी दूरचित्रवाणीवर स्पर्धा पाहिली त्यांच्यापुरता होगन विजेता झालेलाच होता. अनुमान इतके दृढ झाले होते, की वस्तुस्थिती पुरती घडण्याची वाट पाहण्याची गरज भासली नाही.

६

होगनविषयीच्या अपेक्षेत आदराचा अंश मोठा होता. त्यानंतरच्या काही वर्षांत आवड ही स्वतंत्र शक्ती म्हणून पुढे आली. तिचे केंद्र अर्नॉल्ड पामर होय. ऑगस्टा येथील मास्टर्स स्पर्धा त्याने १९५८, १९६०, १९६२ व १९६४ साली जिंकली. ऑगस्टाजवळच्या लष्करी छावणीतील सैनिक त्याच्यामागे मैदानभर फिरू लागले आणि त्यावरून त्याच्या चाहत्यांच्या समुदायास ‘आर्नीची सेना’ हे नाव पडले. दूरचित्रवाणीने हा समुदाय देशभर पसरविला. मास्टर्स, अमेरिकन ओपन, ब्रिटिश ओपन व पीजीए या चार स्पर्धांना ‘प्रमुख’ मानण्याची आजची कल्पनाही १९६० च्या सुमारास पामरच्या खेळाच्या अनुषंगानेच दृढ झाली.

१९६२ सालची अमेरिकन ओपन पिट्सबर्गजवळ ओकमाँट येथे, म्हणजे पामरच्या गावापासून थोड्याच अंतरावर झाली. जादा फेरीत त्याच्यासमोर बावीस वर्षांचा जॅक निक्लॉस उभा होता. प्रेक्षकांनी निक्लॉसच्या लठ्ठपणाची टवाळी केली. त्याच्या चुकांवर आनंद व्यक्त झाला. निक्लॉसने ७१ विरुद्ध ७४ फटक्यांनी विजय मिळविला आणि व्यावसायिक कारकिर्दीतील आपले पहिलेच जेतेपद प्रमुख स्पर्धेत प्राप्त केले. मसेलबरो आणि ओकमाँट यांत ब्याण्णव वर्षांचे अंतर आहे, पण पक्षपातास उधाण येण्याचा प्रकार ओळखीचा आहे. फरक एवढाच, की मसेलबरोच्या माणसाची आवड त्याच्या गावाशी बांधलेली होती, तर पामरवर प्रेम करणाऱ्यांतील बहुतेकांनी त्याचे गाव कधी पाहिले नव्हते.

आवडीचा परिणाम भावावरही होतो. बुकी भाव ठरवितो तो केवळ खेळाडूच्या शक्तीवरून नव्हे. त्या नावावर किती लोक पैसे लावतील याचाही त्यास विचार करावा लागतो. लोकप्रिय खेळाडूवर पुष्कळ पैसा येतो म्हणून त्याचा भाव उतरतो आणि तो कागदावर असावा त्यापेक्षा मोठा ‘फेवरिट’ दिसू लागतो. ब्रिटनमध्ये १९६० च्या कायद्यान्वये पैजांची दुकाने वैध होऊन १९६१ पासून उघडली. अमेरिकेत खेळांवरील पैजांना बहुतेक राज्यांत आडकाठी करणारा १९९२ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली रद्द ठरविला. महाराष्ट्रात कायदेशीर पैजेचे क्षेत्र मुख्यतः घोड्यांच्या शर्यतींपुरतेच राहिले आहे. त्या शर्यतींत नशिबापेक्षा कौशल्याचे प्राधान्य असते, असा निर्णय भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिला. जेथे पैजेचा बाजार व्यापक झाला तेथे सामान्य चाहत्याची आवडही भावात मिसळू लागली. म्हणून भाव हा निखळ अनुमानाचा आरसा आहे असे समजणे बरोबर होणार नाही.

७

आता अनुमानाच्या अंगाचा विचार करावयाचा. भावाची भाषा साधी आहे. पाचास एक भाव म्हणजे सहा वेळांपैकी एकदा जिंकण्याची शक्यता. त्यातही बुकीचा नफा धरलेला असल्यामुळे खरी शक्यता याहून थोडी कमीच मानली जाते. म्हणजे ज्या खेळाडूचा भाव सर्वांत कमी, त्याच्याविषयीचे म्हणणेही वस्तुतः असे असते, की तो सहा वेळांपैकी पाच वेळा हरेल. असे असताना फेवरिट हरला म्हणून अनुमान चुकले असे म्हणणे हा तर्काचा दोष आहे. दीडशेंच्या आसपास खेळाडू, चार दिवस, ७२ होल, सकाळ-दुपारच्या वेळेनुसार पालटणारा वारा, या साऱ्यांतून एका नावावर बोट ठेवणे आणि ते नाव जिंकेल असे मानणे या दोन क्रिया भिन्न आहेत. पहिली समर्थनीय असू शकते, दुसरी बहुधा नसते.

या विधानाची कसोटी टायगर वुड्सच्या कारकिर्दीवर घेता येते, कारण त्याच्याएवढा निर्विवाद फेवरिट गोल्फमध्ये क्वचितच झाला. १९९७ च्या मास्टर्सपासून २००८ च्या अमेरिकन ओपनपर्यंत ४६ प्रमुख स्पर्धा झाल्या व त्यांतील १४ त्याने जिंकल्या. २००० सालची अमेरिकन ओपन तर त्याने १५ फटक्यांच्या अंतराने जिंकली. तरीही हे प्रमाण तीसांत नऊ एवढेच भरते. म्हणजे इतिहासातील सर्वोत्तम फेवरिटही त्याच्या ऐन भरात तीनांपैकी दोन स्पर्धांहून अधिक हरत होता. निक्लॉसने १८ प्रमुख स्पर्धा जिंकल्या आणि १९ वेळा तो दुसरा आला.

दुसऱ्या टोकाचे पुरावेही ध्यानात घ्यावयास हवेत. १९९९ साली कार्नूस्टी येथे पॉल लॉरी शेवटच्या दिवशी दहा फटके मागे असताना ब्रिटिश ओपन जिंकला. २००३ साली रॉयल सेंट जॉर्जेस येथे बेन कर्टिस जिंकला तेव्हा जागतिक क्रमवारीत त्याचे स्थान ३९६ वे होते. अशा निकालांची स्मृती चाहत्यांच्या मनावर विलक्षण परिणाम करते. घोड्यांच्या शर्यतींच्या आकड्यांवरून आर. एम. ग्रिफिथ या मानसशास्त्रज्ञाने १९४९ साली दाखविले, की पैज लावणारे लोक दुबळ्या घोड्यांची शक्यता वाजवीपेक्षा अधिक मानतात व बलवान घोड्यांची कमी. अनपेक्षित विजय लक्षात राहतो आणि अपेक्षित पराभव विसरला जातो. लॉरी व कर्टिस यांच्याइतकेच मागे असलेले जे शेकडो खेळाडू मागेच राहिले त्यांची गणना कोणी ठेवीत नाही.

१९८६ साली जागतिक क्रमवारी सुरू झाली. एकविसाव्या शतकात प्रत्येक फटक्याची नोंद ठेवण्याची साधने आली, आणि कोणत्या प्रकारच्या फटक्यावर खेळाडू इतरांपेक्षा किती कमावतो हे मोजणारी पद्धत २०११ पासून अमेरिकन पीजीए टूरने अधिकृतपणे स्वीकारली. यामुळे अनुमानाचा पाया निःसंशय भक्कम झाला. परंतु अनिश्चितता त्याने नाहीशी झाली नाही. तिचे माप मात्र अधिक नेमके झाले.

८

आवड, अनुमान व पैज यांच्या परस्परसंबंधाचे तीन दाखले अलीकडच्या काळातून देता येतात. पहिला १९८६ च्या मास्टर्सचा. निक्लॉस तेव्हा ४६ वर्षांचा होता, आणि त्याचा काळ संपला असे अटलांटाच्या एका वृत्तपत्रातील गोल्फ-लेखकाने छापले होते. ते कात्रण निक्लॉस राहत होता त्या घरातील शीतकपाटावर त्याच्या एका मित्राने चिकटवून ठेवले. शेवटच्या फेरीत ६५ आणि त्यातील अखेरच्या नऊ होलांत केवळ ३० फटके घेऊन निक्लॉस जिंकला. कात्रणाची कथा लेखकाच्या फजितीची म्हणून सांगितली जाते. परंतु उपलब्ध पुराव्यावरून त्या लेखकाचे अनुमान गैर नव्हते. ओकमाँटला ज्याची टवाळी झाली होती तोच निक्लॉस आता प्रेक्षकांचा लाडका झाला होता, आणि आवडीने त्या दिवशी जे इच्छिले ते घडले, एवढेच म्हणता येते.

दुसरा व तिसरा दाखला एकाच वर्षातले, म्हणजे २०१९ चे आहेत. एप्रिलमध्ये वुड्स ४३ व्या वर्षी मास्टर्स जिंकला. अकरा वर्षांत त्याने एकही प्रमुख स्पर्धा जिंकलेली नव्हती. एका अमेरिकन चाहत्याने चौदास एक या भावाने त्याच्यावर ८५,००० डॉलर लावले होते, त्यास सुमारे ११ लाख ९० हजार डॉलरांचा लाभ झाला. या पैजेत तिन्ही क्रिया एकत्र दिसतात, पण कोणतीही एक दुसरीची जागा घेऊ शकत नाही. पैज जिंकली म्हणून अनुमान शहाणपणाचे होते असे सिद्ध होत नाही. जुलैमध्ये ६८ वर्षांनी ब्रिटिश ओपन उत्तर आयर्लंडमधील पोर्टरश येथे परतली. रोरी मॅकिलरॉय हा त्या भूमीचा पुत्र, भावानेही फेवरिट आणि प्रेमानेही. त्याच मैदानावर त्याने सोळाव्या वर्षी ६१ फटक्यांची फेरी खेळली होती. त्याचा पहिलाच चेंडू हद्दीबाहेर गेला, पहिल्या होलवर आठ फटके पडले आणि फेरी ७९ ची झाली. दुसऱ्या दिवशी ६५ ची उत्कृष्ट फेरी खेळूनही एका फटक्याने तो पुढील दोन दिवसांस मुकला. स्पर्धा जिंकली ती आयर्लंडच्याच शेन लॉरीने, आणि प्रेक्षकांचे प्रेम त्याच्यामागे लोटले. अनुमान कोसळले, पैजा बुडाल्या, पण आवडीने दोन दिवसांत नवे घर शोधले. तिघींचे आयुष्यमान भिन्न असते, याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण. मॅकिलरॉयने २०२५ साली मास्टर्स जिंकून चारही प्रमुख स्पर्धांचे वर्तुळ पुरे केले. त्या विजयाच्या प्रकाशात पोर्टरशची सकाळ म्हणजे जणू तयारीचा एक टप्पा असे आता लिहिले जाईल. २०१९ च्या जुलैमध्ये ती तशी नव्हती.

९

या विवेचनातून जो निष्कर्ष निघतो तो गोल्फपुरता मर्यादित नाही. निवडणुकीपूर्वीची भाकिते, युद्धापूर्वीची मते, सट्टाबाजारातील भाव, हे सारे ‘फेवरिट’चेच प्रकार होत. त्यांचा पुरावा म्हणून उपयोग करताना अभ्यासकाने तीन प्रश्न विचारावयास हवेत. बोलणाऱ्याला काय व्हावेसे वाटत होते? त्याच्यापाशी कोणती माहिती होती आणि तिला त्याने किती वजन दिले? आपल्या बोलण्यामागे त्याने काय गहाण ठेवले होते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर समाजाच्या भावनांचा इतिहास सांगते, दुसऱ्याचे ज्ञानाचा आणि तिसऱ्याचे हितसंबंधांचा. तिन्हींची उत्तरे एकच आहेत असे गृहीत धरले, तर मसेलबरोच्या जमावाचा आवाज जाणकारांचे मत म्हणून नोंदला जाण्याचा धोका आहे.

दुसरी सावधगिरी निकालाविषयीची आहे. निकालाने अपेक्षेचा खरेखोटेपणा ठरत नाही. विमेटपूर्वी व्हार्डनचे नाव घेणारे मूर्ख नव्हते, आणि वुड्सचे नाव घेणारे तो हरला त्या ३२ स्पर्धांतही चुकले असे म्हणता येत नाही. त्यांनी आपल्या काळी उपलब्ध असलेल्या गोष्टींवरून निवड केली. ती निवड त्यांच्या डोळ्यांनी पाहता आली, तर स्पर्धा सुरू होण्यापूर्वीची सकाळ पुन्हा अनिश्चित दिसू लागते. इतिहासाच्या अभ्यासकास ती तशी दिसणे आवश्यक आहे, कारण ज्यांच्याविषयी तो लिहितो त्यांना ती तशीच दिसली होती.